घरातून निघालेली शाळा : खान्देशातल्या कौटुंबिक शाळांचा इतिहास लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एखाद्या घराण्याने काढलेल्या आणि अजून त्याच घरातले लोक चालवत असलेल्या शाळा तालुक्या-तालुक्याला सापडतात. त्यांतल्या बऱ्याच आता पन्नाशी, पंचाहत्तरी किंवा शंभरीला टेकल्या आहेत. स्मरणिका काढायची ठरली की माझा फोन वाजायला लागतो. माझे वडील अशाच एका शाळेत शिपाई होते. संस्थापकांच्या घराशी आमचं नातं रुळाच्या तुकड्याची घंटा वाजवण्यापुरतं. पण माळ्यावरच्या पेट्यांत काय पडलंय हे त्या घरापेक्षा वडिलांनाच जास्त ठाऊक होतं, आणि मला या कामाची गोडी तिथूनच लागली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. फोन करण्याआधी एकदा वाचून घ्या.

१. ‘कौटुंबिक खासगी शाळा’ म्हणजे नेमकी कोणती? आमची तर अनुदानित आहे, मग ती खासगी कशी?

सरकारी भाषेत जी शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा शासनाची नाही ती खासगी. मग शिक्षकांचा पगार शासन देत असलं तरी. त्यामुळे गावातली सगळे ‘हायस्कूल’ म्हणतात ती अनुदानित शाळाही खासगी आणि हायवेवरची नवी इंग्रजी माध्यमाची, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेलीही खासगीच. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित (सगळा खर्च संस्थेचा) असे तिचे प्रकार पडतात. ते कसे आले हे प्रश्न ९ मध्ये आहे.

‘कौटुंबिक’ हा मात्र कायद्यातला शब्द नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या खुर्च्यांवर पिढ्यान्‌पिढ्या एकाच आडनावाची माणसं दिसली की लोक म्हणतात, ‘ती अमक्यांची शाळा.’ या पानावर त्याच अर्थाने तो वापरलाय.

२. शाळा आमच्या आजोबांनी काढली. म्हणजे ती आमच्याच मालकीची ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, कधी मराठीत, कधी थेट अहिराणीत : ‘शाळा आमनीच शे ना?’ शाळा संस्थेची असते. संस्था बहुतेक वेळा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असते. आजोबांनी जागा दिली, पदरचे पैसे घातले, आजीच्या पाटल्या गहाण पडल्या, हे सगळं खरं असेल. पण नोंदणी झाल्या दिवसापासून ते विश्वस्त झाले, मालक राहिले नाहीत. वारसाहक्काने शेत मिळतं, विश्वस्तपद आपोआप मिळत नाही. त्यासाठी संस्थेच्या घटनेप्रमाणे निवड आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज लागतो.

इतिहास लिहिताना याचा उपयोग असा की ‘मालक’ हा शब्द आला तिथे लेखणी थांबवा. ‘चालक’ लिहा. साठ सालच्या आसपासच्या जुन्या कागदांतही ‘शाळाचालक’ असाच शब्द भेटतो. त्या लोकांना फरक कळत होता.

३. स्थापना वर्ष कोणतं धरायचं? घरात तीन वेगवेगळी वर्षं सांगतात.

तिन्ही खरी असू शकतात. साधारण क्रम असा असतो : आधी वाड्याच्या ओसरीवर किंवा मारुतीच्या पारावर वर्ग भरले, मग संस्था नोंदली, मग शिक्षण खात्याची मान्यता आली, मग अनुदान सुरू झालं, शेवटी स्वतःची इमारत. दोन टप्प्यांत आठ-दहा वर्षांचं अंतर पडणं अगदी नेहमीचं. थोरले काका ओसरीचं वर्ष सांगतात, मुख्याध्यापक मान्यतेचं, आणि फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर उद्‌घाटनाचं असतं.

माझा सल्ला : महोत्सव हवा त्या वर्षी करा, पण स्मरणिकेत सगळी वर्षं त्यांच्या कागदासकट छापा. पाटी हा पुरावा धरू नका. ती कोरणाऱ्याला जे सांगितलं ते त्याने कोरलं.

४. कागद मिळतील कुठे? शाळेत तर काहीच शिल्लक नाही म्हणतात.

‘काहीच नाही’ याचा अर्थ बहुधा ‘कपाटाची किल्ली सापडत नाही’ असा असतो. आधी शाळेतच शोधा : जनरल रजिस्टर, शिक्षकांचा हजेरीपट, पगारपत्रकं, शेरेबुक (भेटीला आलेल्यांनी अभिप्राय लिहायची वही), आवक-जावक नोंदवही, संस्थेचं इतिवृत्त, लॉगबुक, डेडस्टॉक. डेडस्टॉक रजिस्टर कोणी उघडत नाही, पण ते फार बोलकं असतं. किती बाक, किती पृथ्वीगोल, कंदील कधी निर्लेखित झाले यावरून गावात वीज कधी आली ते कळतं.

मग बाहेर. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून, म्हणजेच धर्मादाय कार्यालयातून, संस्थेचा शेड्यूल वन उतारा काढा. त्यात पहिले विश्वस्त, मिळकती आणि पुढे झालेले बदल ओळीने असतात. नोंदणी क्रमांकाच्या आधी ‘फ’ असेल तर संस्था १८६० च्या कायद्याखालीही नोंदलेली आहे, ‘ई’ असेल तर नुसता न्यास. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात मान्यतेची फाइल मागा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधीचे कागद लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्डाच्या नावाने बांधलेले असतात. जमिनीसाठी तलाठी, नगर भूमापन आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८. ब्रिटिश काळातल्या शिक्षण खात्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. धुळ्यात १९२७ पासून काम करणारं राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे तुमच्या शाळेचा कागद मिळेलच असं नाही, पण जुना कागद कसा हाताळायचा हे तिथे गेल्यावर कळतं.

शेवटची जागा म्हणजे लोकांची घरं. निवृत्त शिक्षकांच्या लोखंडी पेटीत वर्गाचे फोटो, बदलीचे आदेश, निरोप समारंभाचं मानपत्र असतं. पेटी त्यांच्यासमोरच उघडा, तिथल्या तिथे फोटो काढा आणि वस्तू परत ठेवा. ‘स्कॅन करून आणून देतो’ म्हणून नेलेला फोटो परत आल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

५. जनरल रजिस्टर हाती लागलं, पण त्यातलं निम्मं समजत नाही. कसं वाचायचं?

इथे घाई करू नका. शाळेचा खरा इतिहास याच वहीत आहे. मी पहिल्यांदा जे रजिस्टर नीट वाचलं त्याची पुठ्ठ्याची बांधणी वाळवीने अशी खाल्ली होती की पानं उलटताना मांडीवर पिवळसर भुगा पडायचा. मधली पानं मात्र शाबूत. निळी शाई तपकिरी झालेली, दुरुस्त्या लाल शाईत, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे मुख्याध्यापकांची आडवी सही. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना : शाळा सोडण्याचे कारण.

तो शेवटचा रकाना आधी वाचा. ‘वडील वारले’, ‘शेतीकाम’, ‘लग्न’, ‘फी न भरल्यामुळे नाव कमी’, ‘दुसऱ्या गावी गेले’. एका शाळेत सलग दोन पानांवर मुलींच्या नावापुढे ‘लग्न’ हाच शब्द होता, आणि वयं काढली तर तेरा ते पंधरा. संस्थापकांच्या गौरवलेखात ‘स्त्रीशिक्षणाची गंगा’ असं वाक्य होतं. मी त्यांना ती दोन पानं दाखवली. वाक्य राहिलं, पण खाली आकडेही आले.

इयत्तांचा घोळ असा सोडवा. जुन्या पद्धतीत मराठी चार इयत्ता आणि त्यापुढे इंग्रजी सात, मिळून अकरा. म्हणजे ‘इंग्रजी तिसरी’ ही आताची सातवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. इंग्रजी शाळेत न जाता मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनल देणारेही होते. ‘व्ह. फा. पास’ हा त्या काळचा मास्तर होण्याचा परवाना. नावात ‘ए. व्ही.’ असलेल्या शाळा म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर, दोन्ही भाषांच्या. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. १९४९ पासून एसएससी आली, आधी अकरावीला. १९७५ साली अकरावीची जुनी आणि दहावीची नवी अशा दोन्ही तुकड्या एकदम बसल्या. त्या वर्षीचा निकाल दुप्पट दिसला तर ‘शाळेची भरभराट’ असं लिहू नका.

जन्मतारखांबद्दल. १ जून ही तारीख इतक्या वेळा दिसेल की वाटेल सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं. आई सांगायची, ‘आखाजीच्या आधी आठ दिवस झाला’ किंवा ‘कानबाईच्या वेळी’ (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, कानबाई हा श्रावणातला सण), गुरुजी पोराकडे बघायचे, वय पुरतंय का ते पाहायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून टाकायचे. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण. तेव्हा १ जूनवाल्यांच्या वयावर कसलेही हिशेब बांधू नका.

६. कागदावर ‘पूर्व खानदेश’ लिहिलंय. आमचा तालुका तर जळगाव जिल्ह्यात आहे.

तोच तो. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खान्देश म्हणजे आताचा जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे धुळे, आणि त्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० च्या सुमाराची. त्याआधीच्या कागदावर ती शोधू नका. १८६९ पूर्वीचं काही हाती लागलं तर मालेगावही खान्देशातच सापडेल. गावांचीही तीच गत : जुन्या दाखल्यावरचं एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर.

७. शके, संवत, आणे-पै यांचं काय करायचं?

शकात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. देणगीचे हिशेब गुजराती किंवा मारवाडी व्यापाऱ्याच्या वहीतले असतील तर ते विक्रम संवतात आणि दिवाळीपासून मोजलेले असतात : दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. जुनी फी आजच्या रुपयांत ‘रूपांतरित’ करून छापू नका. त्यापेक्षा त्याच वर्षीच्या शिक्षकाच्या पगाराशेजारी ठेवा, वाचणाऱ्याला लगेच अंदाज येतो.

८. देणगीच्या वह्या मोडी लिपीत आहेत. सोडून देऊ का?

मुळीच नाही. खान्देशातल्या कितीतरी शाळा कापसावर उभ्या राहिल्यात. अडतीवर किंवा कापसाच्या जिनिंगवर माल आला की धर्मादाय म्हणून काही रक्कम बाजूला निघायची, आणि ती गोशाळा, धर्मशाळा, शाळा यांच्यात वाटली जायची. ते सगळं या वह्यांत आहे. ‘एका दानशूर घराण्याने शाळा बांधली’ या वाक्यामागे बाजारात कापूस आणणारे शेकडो शेतकरी उभे असतात, आणि त्यांचा पत्ता फक्त इथेच लागतो. मोडी वाचणारे जाणकार जिल्ह्याच्या गावी मिळतात. काही वह्या महाजनी किंवा गुजरातीत असतील, त्यासाठी एखादे जुने मुनीमजी गाठा.

९. आमची शाळा आधी विनाअनुदानित, मग अनुदानित, आणि त्याच संस्थेची दुसरी स्वयंअर्थसहाय्यित. हे सगळं कसं मांडायचं?

काळाच्या ओघात मांडा. खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची कल्पना १८५४ च्या वुड यांच्या खलित्यापासूनची आहे. अनुदान मिळायचं, पण खर्चाच्या काही भागापुरतं. उरलेलं फी, देणगी आणि चालकांच्या खिशातून. म्हणून जुन्या इतिवृत्तांत ‘तूट’ हा शब्द दर बैठकीला भेटतो. स्वातंत्र्यानंतर हळूहळू पगाराचा भार शासनाने उचलला.

पुढचं वळण २४ नोव्हेंबर २००१ चं. नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी, म्हणजे अनुदान कधीच नाही. २० जुलै २००९ ला त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला, आणि नंतर मूल्यांकन होऊन २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे सुरू झाले. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ चा. एकाच आवारात आजोबांची अनुदानित मराठी शाळा, वडिलांची टप्प्यावरची तुकडी आणि नातवाची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा दिसते ती या तीन धोरणांमुळे. घराण्याचा ‘दूरदृष्टीचा विस्तार’ म्हणून लिहायचं तर लिहा, पण धोरणाची तारीखही शेजारी द्या.

शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी माहितीसाठ्यातला शाळेचा ओळख क्रमांक) हा अलीकडचा, इतिहासाला त्याचा उपयोग नाही. फक्त त्याचे पहिले चार अंक २७०१ म्हणजे नंदुरबार, २७०२ धुळे आणि २७०३ जळगाव एवढं ध्यानात ठेवा. एकाच नावाच्या दोन शाळांचे कागद मिसळले असतील तर सुटे करता येतात.

१०. संस्थापकांचा नातू मुख्याध्यापक का झाला नाही, असं लोक विचारतात. काय उत्तर द्यायचं?

कारण कायदा. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. त्यानंतर मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने जातं. घरातला असो की बाहेरचा, यादीत वर असेल तो. अल्पसंख्याक संस्थांना यात मोकळीक आहे. त्याआधी संस्थापक स्वतःच हेडमास्तर, सचिव आणि कधी गणिताचे शिक्षकही असायचे. १९८१ पूर्वीची आणि नंतरची मुख्याध्यापकांची यादी शेजारी-शेजारी लावून पाहा, आडनावं बदललेली दिसतील. स्मरणिकेत हा तक्ता हमखास घ्यावा.

११. घरातल्या बायकांबद्दल काय लिहायचं? कागदावर तर त्यांचं नाव कुठेच नाही.

कागद वेगळे शोधा. किराणा दुकानाची उधारीची वही, वसतिगृहाचा शिधा, जेवणाऱ्या मुलांची यादी. बाहेरगावची पोरं ज्या माजघरात जेवली तिथे दिवसाला किती भाकरी लागत, याचा हिशेब चुलीपुढच्या बाईला ठाऊक होता. संस्थापक अण्णा आणि त्यांच्या घरच्या जिजी यांच्याबद्दल एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं, ‘अण्णा काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा आठवतो, आणि जिजी विचारायच्या, अजून एक घे ना रे.’ जिजींचं पाळण्यातलं नाव काय होतं हे त्यांच्या नातवालाही सांगता आलं नाही. आम्ही रेशन कार्डावरून ते काढलं.

पहिल्या विश्वस्तांत एखाद्या बाईचं नाव असेल, तर ती बैठकींना खरंच येत होती का हे इतिवृत्तातल्या सही-अंगठ्यावरून तपासा. आली असेल तर तिच्यावर स्वतंत्र लेख करा. नुसतं नाव लावलं असेल तर तेही लिहा.

१२. शिक्षक आणि शिपायांना किती जागा द्यावी?

संस्थापकांइतकी. माझा या बाबतीत पक्षपात आहे, सुरुवातीलाच सांगितलंय. अनुदान येण्याआधी पगार तटायचा, आणि मास्तरांच्या घरी त्याऐवजी दादर ज्वारीचं पोतं पोचायचं असे किस्से तुम्हाला मिळतील. ते पगारपत्रकाशी ताडून पाहा. शिपायाची नेमणूक, त्याचं काम, त्याची निवृत्ती या तारखाही सेवापुस्तकात असतात. माझ्या वडिलांच्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्या फोटोखाली ‘सेवकवर्ग’ एवढाच शब्द होता. नावं नव्हती.

१३. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी कशा टिपाव्या? ते अहिराणीत बोलतात.

अहिराणीतच टिपा, आणि लेवा पट्ट्यातले असतील तर लेवा बोलीत. फोनवर ध्वनिमुद्रण करून मग कागदावर उतरवा. प्रमाण मराठीत आणलं की माणूस सरळ होतो, त्याचा ठसका जातो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी कागदावर उतरवल्या, त्याच बोलीत. ‘शाळा कशी होती?’ असं विचारलं की ‘चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : शाळेत पाणी कुठून यायचं? छडी कशाची होती? पहिल्या दिवशी पायात काय होतं? कापूस वेचणीत किती दिवस बुडायचे? मग थांबवणं अवघड. कापसाचं म्हणणं हजेरीपटाशी ताडता येतं. दिवाळीच्या मागेपुढे गैरहजेरीचे शेरे कसे दाटतात ते पाहा.

१४. ‘साने गुरुजी आमच्या शाळेत येऊन गेले’ असं घरात सांगतात. छापू का?

आधी शेरेबुक. त्यात शेरा आणि सही असेल तर पानाचा फोटोच छापा. नसेल तर तारखा ताडा. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून मुलांसाठी लावायचे. १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. डिसेंबर १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली, त्यामुळे त्या वर्षीची भेट पटण्यासारखी असते. ११ जून १९५० ला ते गेले.

एका स्मरणिकेच्या कच्च्या मजकुरात गुरुजींची भेट १९५२ च्या स्नेहसंमेलनात घातली होती. विचारपूस केली तेव्हा कळलं, त्या दिवशी मुलांनी गुरुजींच्या आयुष्यावर नाटुकलं केलं होतं आणि सदऱ्या-टोपीतला पोरगा फोटोत आला होता. पन्नास वर्षांत तो पोरगा गुरुजी झाला.

१५. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या शाळेची मुलं होती म्हणतात. कसं तपासायचं?

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. शाळकरी वयाची पोरं. त्यानंतर खान्देशात हरताळ, प्रभातफेऱ्या झाल्याच्या आठवणी घरोघर आहेत. तुमच्या शाळेपुरता पुरावा हजेरीपटात शोधा : ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मधली सलग गैरहजेरी, दंड, नाव कमी केल्याची नोंद. आणि तयारी ठेवा, कारण नाव कमी करणारी सही कधीकधी संस्थापकांचीच निघते. अनुदान सरकारचं होतं, इन्स्पेक्टर सरकारचा होता.

१६. दोन भावांत संस्था फुटली. मूळ शाळा कोणाची म्हणायची?

कागदावर जिच्याकडे मूळ नोंदणी क्रमांक आणि मान्यता, ती मूळ. दुसरीला ‘त्याच घराण्यातली नवी संस्था’ म्हणा. बदल अर्जांवर वाद चालू असेल तर मी स्वतः लिहायला नकार देतो, कारण स्मरणिकेतलं प्रत्येक वाक्य दुसरा पक्ष धर्मादाय कार्यालयात पुरावा म्हणून नेतो. हे मी अनुभवावरून सांगतोय. फोटोत कोण डावीकडे बसलं यावर अर्धा तास युक्तिवाद झालेला ऐकलाय.

१७. शाळेची जागा सातबाऱ्यावर अजून पणजोबांच्या नावावर आहे. इतिहासात काय लिहू?

‘जागा दान दिली’ हे वाक्य दानपत्र किंवा बक्षीसपत्र पाहिल्याशिवाय लिहू नका. तोंडी दिलेली जागा, भाडेपट्ट्यावर दिलेली आणि नोंदवून दान केलेली, या तीन वेगळ्या गोष्टी. एकदा न्यासाच्या नावावर झालेली स्थावर मिळकत विकायला विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली परवानगी लागते. त्यामुळे काही घरांनी मुद्दामच नाव लावलं नाही, काहींनी आळसाने. कोणत्या कारणाने ते तुम्हाला कळलं तरी छापायचं की नाही हे आधी वकिलाला विचारा.

१८. जुन्या रजिस्टरातली नावं आणि जाती छापायच्या का?

जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि जाती छापू नका. एकूण आकडे द्या : अमक्या दशकात कोणत्या समाजाची किती मुलं, त्यांत मुली किती. शाळेचे दरवाजे खरंच कोणासाठी उघडे होते हे त्या आकड्यांवरून दिसतं.

आणि रजिस्टर सांभाळा, ते फक्त इतिहासाचं साधन नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मोलाचा ठरतो. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तर जुन्या शाळांच्या दारात रांगा लागल्या. प्रत्येक जण पान उलटतो, बोटाला थुंकी लावून. आधी सगळं स्कॅन करा आणि मूळ वही कपाटात घाला.

१९. वाईट गोष्टीही लिहायच्या का? पूर्ण पगारावर सही घेऊन कमी पैसे दिले, डोनेशन घेतलं वगैरे.

कागद असेल तर लिहा, नावाशिवाय. कागद नसेल तर तीन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं असेल तेवढंच, आणि ‘सांगतात’ असं म्हणून. स्मरणिकेचे पैसे संस्थाच देते, तेव्हा सगळं छापून येणार नाही हे मला ठाऊक आहे. न छापलेलं टिपण मात्र तारीख घालून वेगळ्या फाइलीत ठेवा. माझ्याकडे अशा पाच फाइली आहेत.

२०. आमच्या घराची शाळा बंद पडली. इमारतीत आता मंगल कार्यालय आहे. इतिहास लिहिता येईल का?

येईल, पण लवकर. प्राथमिक शाळा असेल तर ती बंद न पडता लोकल बोर्डाकडे किंवा पुढे जिल्हा परिषदेकडे गेली असण्याची शक्यता आधी तपासा. तसं असेल तर रजिस्टर आजच्या जिल्हा परिषद शाळेत मिळेल, अनुक्रमांकही कदाचित जुनाच पुढे चालू असेल. हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालय आणि ज्या शेजारच्या शाळेत मुलं गेली ती शाळा, या दोन ठिकाणी चौकशी करा. दाखल्यासाठी लोक कुठे जातात ते गावात विचारलं की ठिकाण कळतंच.

इमारतीतही एक चक्कर मारा. मी गेलो होतो अशाच एका मंगल कार्यालयात, हळदीच्या दिवशी. स्वयंपाकघर केलेल्या खोलीत आचारी वांग्याचं भरीत घोटत होता, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर चुन्याच्या खालून काळा फळा चौकोनी उमटला होता. वरच्या कोपऱ्यात ‘पट’ आणि ‘हजर’ एवढे दोन शब्द तेलरंगात होते, म्हणून राहिले. त्यापुढचे आकडे खडूचे.